सल्ला गिळायला शिकवा

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा आणि शिक्षकांसह सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं, हे त्यात आलं. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, "आमच्या वेळी नव्हती ही थेरं, तरी जगलोच ना?" दुसऱ्याचं, "परदेशात बघा, सगळं कसं पद्धतशीर!" दुसऱ्या तटाने मला मेलबर्नहून साक्षीला ओढलं.

पद्धतशीर आहे, खरंच. 'मेंटल हेल्थ फर्स्ट एड' हा मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम ऑस्ट्रेलियातच जन्मला. स्वतः नैराश्यातून गेलेल्या बेट्टी किचनर आणि त्यांचे संशोधक पती अँथनी जॉर्म यांना तो कुत्र्याला फिरवताना सुचला आणि २००० साली कॅनबेरात सुरू झाला. ऑफिसने मलाही त्याला बसवलं. माझ्या जोडीला गोदामातला सुपरवायझर होता, ट्रकवाल्यांवर दिवसभर खेकसणारा. 'तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?' एवढंच त्याने मला विचारायचं होतं. तो 'काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?' यावरच घसरायचा आणि शिकवणाऱ्या बाई दरवेळी थांबवायच्या. असं विचारलं की समोरचा 'छे, छे' म्हणतो आणि विषय मिटतो. सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, तेव्हा माझा नाटकातला होकारसुद्धा चटकन बाहेर पडेना.

पण इथे 'हो' म्हटल्यावर पुढची वाट आखलेली आहे. फॅमिली डॉक्टर योजना लिहून देतो आणि वर्षाला मानसतज्ज्ञाच्या दहा भेटींचा काही खर्च सरकार उचलतं. पदरचे पैसे घालावे लागतात, नंबर लागायला आठवडे जातात, तरी वाट आहे. मात्र 'बरा आहेस ना?' विचारणारा सहकारी पाच वाजता गाडीत बसून घरी जातो. रविवारी डबा घेऊन दारात कुणी उभं राहत नाही.

पुण्यात माणसांचा तुटवडा नाही. सोसायटीत कुणाचा मुलगा चार दिवस दिसला नाही तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बेल वाजवणारच. फक्त त्या हात हलवत येत नाहीत, सल्ला घेऊन येतात. पहाटे उठ, पर्वती चढ, प्राणायाम कर, नाहीतर लग्न करून टाका त्याचं. पुणेकराला ऐकायला शिकवायचं तर आधी सल्ला गिळायला शिकवावं लागेल, आणि त्याला सराव लागतो.

तो सराव द्यायला मेलबर्नहून कुणी यायला नको. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे नव्याने आलेल्यांना हात देतात. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत. ती संस्था उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी तर कॅनडात, कॅल्गरीत राहायचे. पत्नीच्या आजारपणातून त्यांनी हे काम हाती घेतलं. (आम्हा परदेशस्थांनी फॉरवर्ड पाठवण्यापलीकडेही काही करता येतं, ते असं.) न्यायालयाने प्रमाणित तज्ज्ञांकडूनच प्रशिक्षण मागितलंय, ते योग्यच. पण तज्ज्ञाशेजारच्या खुर्चीवर त्यातून गेलेला माणूस बसायला हवा.

माझी भाची पुण्यात एका कॉलेजात शिकवते. तिच्याकडे या प्रशिक्षणाचं पहिलं सत्र झालं: भरलेलं सभागृह, दीड तास स्लाइड्स, सह्या, वडापाव. "मामा, शेवटी आम्हाला डोळे मिटून श्वास घ्यायला लावला," ती म्हणाली. "पोरगी केबिनमध्ये येऊन रडायला लागली तर काय करायचं, ते राहूनच गेलं."

सह्यांच्या कागदाने नियम पाळला जातो, तेवढंच. वीस-वीस जणांचे गट करा, जोड्या लावा, तो अवघड प्रश्न प्रत्येकाला तोंडाने विचारायला लावा. पुढे कुणाकडे सोपवायचं, तेही पाठ हवं: कॉलेजचा समुपदेशक, रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. आणि हॉस्टेलच्या रेक्टरबाई नि मेसवाल्या काकूंना पहिल्या रांगेत बसवा. पोरगं दोन दिवस जेवायला आलेलं नाही, हे प्राचार्यांच्या आधी त्यांना कळतं.