पीक जास्वंद, क्षेत्र एक कुंडी

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला की माणसाला सल्ल्यांचा तोटा नसतो. माझ्या जास्वंदीने आंबट ताक झेललं, तंबाखूचं पाणी झेललं, हळद आणि राख अंगाला फासून घेतली. त्यातलं थोडं खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर टपकलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'काही सभासद' या नावाने माझा उद्धार झाला. ढेकूण मात्र पांढराशुभ्र आणि गुटगुटीत. म्हणून परवा सासवडहून परतताना रस्त्याकडेला कृषी सेवा केंद्र दिसलं, तेव्हा नवऱ्याला गाडी थांबवायला लावली.

आत खताच्या गोण्या आणि गोण्यांवर बसलेली मंडळी.

"निमतेल द्या," मी म्हटलं.

"पीक कोणतं, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"जास्वंद."

टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले एक आजोबा सावरून बसले. त्यांना सगळे अण्णा म्हणत होते. त्यांची अंजिराची बाग होती, हेही मला दोन मिनिटांत समजलं. "फुलशेती व्हय? चांगलंय की. शेडनेट का उघड्यावर?"

"गॅलरीत."

"किती गुंठं?"

"एक."

"एकच गुंठा?"

"एक झाड."

दुकानातलं वजनकाट्याचं काम थांबलं. पण अण्णा हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. हसले असते तर मीही हसून सुटले असते. त्यांनी ते झाड गंभीरपणे चौकशीला घेतलं. लागवड कधीची? पाणी ठिबकनं का पाटानं? तांब्यानं, असं मी सांगितलं. तण किती? लव्हाळा फार येतो, उपटला तरी पुन्हा उगवतो.

"वरनं उपटून काय उपेग? खाली गाठ ऱ्हाती. पर चौथ्या मजल्यावर लव्हाळा गेला कसा?"

"मातीतूनच आला असेल. नर्सरीतून पिशवी आणली होती."

"माती," अण्णा म्हणाले, "इकत आणली?"

आता मात्र गोण्यांवरची सगळी मंडळी माझ्याकडे वळली. मागून कोणीतरी भाव विचारला. मी सांगितला. मग कोपऱ्यात कोणीतरी पुटपुटत स्वतःच्या अडीच एकरांचा हिशोब करायला घेतला.

मला म्हणायचं होतं की अण्णा, आम्ही पुण्यात माती काय आकाशातून पाडायची? पण ते आधीच पुढे गेले होते. "तुमच्या पुण्याचं तणाच्या बाबतीत नावच हाय. काँग्रेस गवत पयलं तिथंच घावलं."

यावर उत्तर नाही, कारण ते खरं आहे. काँग्रेस गवताची, म्हणजे गाजरगवताची, देशातली पहिली ठळक नोंद 1955-56च्या सुमाराची आणि पुण्याचीच. आपण कशाकशाचा अभिमान बाळगतो, पण या गवताचा तेवढा उल्लेख कोणी पाटीवर करत नाही.

एव्हाना दुकानदाराचं गणित सुरू झालं होतं. "पंपाला 75 मिली. पंप किती लिटरचा?"

माझा पंप म्हणजे काच पुसायच्या लिक्विडची रिकामी बाटली. "अर्ध्या लिटरचा."

त्याने मोबाइल काढला. नेहमीचा पंप 15 लिटरचा, म्हणजे लिटरला 5 मिली, म्हणजे माझ्या बाटलीला अडीच. थोडा साबण घालून हलवायचं, नाहीतर तेल वर तरंगतं. फवारायचं ते ऊन उतरल्यावर. इथवर ठीक होतं. पण त्याच्याकडे लहानात लहान डबा एक लिटरचा. अण्णांनी तोंडीच सांगितलं, "चारशे फवारण्या व्हत्यात. पंधरा दिसाला एक धरली तर सोळा वर्सं पुरंल. मुदत तेवढी बघून घ्या, ताई. औषधाची."

आणि मग, उठता उठता, सहज: "मुंग्या हायत का झाडावर?"

होत्या. रांगच होती.

"मग आधी त्यांचं बघा. त्याच राखण करत्यात."

हा ढेकूण रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. तो चिकटा मुंग्या खातात, त्या बदल्यात ढेकूण खायला आलेल्या ढालकिड्यांना हाकलतात, आणि पिल्लं उचलून नव्या फांदीवरही नेऊन बसवतात. म्हणजे मी फवारत होते आणि माझ्या मागे कामगार पुन्हा वसाहत बांधत होते. उपाय काय, तर कुंडीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. फुकट!

राग येतो तो इथे. ज्या नर्सरीने मला हे झाड विकलं, तिथे मी तक्रार घेऊन गेले की एकच वाक्य ऐकू येतं, "पाणी जास्त झालं, मॅडम." पानं गळली तरी तेच, सुकली तरी तेच. त्यांच्याच लाल मातीचा गोळा विटेसारखा कडक, पाणी कडेकडेने सरळ खालच्या ताटलीत आणि मूळ कोरडंठक्क, हे तिथे कोणी बोलत नाही. मुंग्यांचं तर कोणीच बोललं नाही. बोलतील कशाला? मग दर महिन्याला वेगळी बाटली कोण घेणार?

पपईचं नशीब बघा. तिच्यावरचा पिठ्या ढेकूण 2008 साली कोइमतूरकडे सापडला, तर 2010 मध्ये त्याचा काळ ठरणारी इवलीशी गांधीलमाशी पोर्तो रिकोहून आणून सोडली गेली. इतक्या लांबून, सरकारी इतमामाने! जास्वंदीला मात्र 'पाणी जास्त झालं'.

मी डबा घेतलाच. एवढं झाल्यावर रिकाम्या हाताने कोण बाहेर पडेल? बिलासाठी दुकानदाराने नाव, मोबाइल नंबर, पीक विचारलं. क्षेत्राचा रकाना शून्य घेईना. त्याने अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी मान डोलावली, आणि माझ्या नावे एक गुंठा लागला.

तेव्हापासून रोज सकाळी मला मेसेज येतो. 'शेतकरी बंधूंनो, हुमणीचा वेळीच बंदोबस्त करा.' 'शेतकरी बंधूंनो, पाचट जाळू नका.' नवरा चहा पिता पिता ते मोठ्याने वाचतो आणि विचारतो, आपला ऊस कधी तुटतोय?