कोरल मायक्रोसॉफ्टची कधीच नव्हती

लातूर, नांदेड, परभणीकडच्या डीटीपीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘२००० साली मायक्रोसॉफ्टनं कोरल विकत घेतली, तिचं लिनक्स बंद पाडलं, म्हणून कोरलड्रॉ फक्त विंडोजवर चालतो. नवी फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही, तेही त्यांचंच काम.’ कोरलड्रॉ म्हणजे कोरल कंपनीचं पत्रिका-जाहिराती मांडायचं सॉफ्टवेअर, आणि लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. मी लातुरात वर्षानुवर्षं याच कोरलड्रॉवर लग्नपत्रिका लावतोय. नवी पोरं हे खरं धरून चाललीत, म्हणून लिहितो.

आधी विकत घेण्याचं. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं कॅनडातल्या या कंपनीत १३.५ कोटी डॉलर घातले आणि ५.६२५ डॉलरच्या भावानं २ कोटी ४० लाख शेअर घेतले. या शेअरना मतदानाचा हक्क नव्हता. दुकानात एखाद्याचे पैसे आहेत, पण गल्ल्याची किल्ली त्याच्याकडे नाही, असा हा व्यवहार. ते पुढं साध्या शेअरमध्ये बदलता येणार होते, त्यामुळं तेव्हा लोकांना शंका आली ती रास्तच होती. पण २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपला वाटा व्हेक्टर कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला सुमारे १.३ कोटी डॉलरला देऊन टाकला. साडेतेरा कोटी घालून हातात आले एवढेच! अख्खी कोरल विकत घेतली ती त्याच वर्षी व्हेक्टरनं, आणि २०१९ मध्ये केकेआर या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीनं.

लिनक्सच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. डेबियन नावाच्या लिनक्सवर बेतलेलं कोरल लिनक्स १९९९ च्या नोव्हेंबरात आलं आणि मायक्रोसॉफ्टच्या पैशानंतर, २००१ मध्ये, तो विभाग झँड्रॉस या कंपनीकडं गेला. क्रम खरा आहे. पण कंपनी त्याआधीच डबघाईला आली होती. बोरलँड या सॉफ्टवेअर कंपनीशी ठरलेलं विलीनीकरण मे २००० मध्ये मोडलं, ऑगस्टमध्ये संस्थापक मायकल काउपलंड पायउतार झाले. आणि ते लिनक्स काही बंद पडलं नाही, झँड्रॉसनं ते पुढं चालवलं.

विंडोजचं तर सरळ आहे. १९८९ चा पहिला कोरलड्रॉच विंडोजसाठी निघाला होता. २००० मध्ये त्याची लिनक्स आवृत्ती आली, २०१९ पासून तो पुन्हा मॅकवरही मिळतो.

राहिली फाइल न उघडण्याची तक्रार. ऐन लग्नसराईत त्यानं जीव मेटाकुटीला येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची फाइल, कशी बनवायची हे कोरलच ठरवते. फाइल पाठवताना जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करा आणि अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचं आकृतीत रूपांतर करा. समोरच्याकडं तुमचा श्रीलिपीचा (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा) फॉन्ट असेलच असं नाही.