‘तीन इंजेक्शनं दिली, फरक शून्य’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण तिच्यातला राग खरा आहे आणि त्याला घाईत काहीतरी खरडून उत्तर देणं बरं नव्हे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मणक्याच्या ऑपरेशननंतरही माझं दुखणं राहिलं, त्यावर पाठीत घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांबद्दल मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ताईंच्या बाबांचं दोन वर्षांपूर्वी चकतीचं ऑपरेशन झालं, कळ गेली नाही, मग महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली. फरक शून्य. आता ते पंधरा मिनिटंही एका जागी बसू शकत नाहीत. ‘ऑपरेशन फसलं हे झाकायला इंजेक्शन, आणि तुमच्यासारखे लोक त्याची जाहिरात करतात,’ असं त्यांनी लिहिलंय. जुनाट पाठदुखीला अशी इंजेक्शनं सर्रास देऊ नयेत, या 2025 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या शिफारशीचा दाखलाही दिलाय, आणि स्टेरॉइडची भीतीही बोलून दाखवलीय.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘इंजेक्शन घेतलं आणि मी पुन्हा चालायला लागलो,’ हे वाक्य मी लिहिलं होतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. दुखण्यानं गांजलेल्या घरात असं वाक्य वाचलं की माणूस त्यालाच धरून बसतो. ते वाक्य मी आज बदललंय.

पण ‘इंजेक्शनचा उपयोग नाही’ हे मला जसंच्या तसं पटत नाही. माझ्या अनुभवात इंजेक्शननं दोन कामं केली. थोडे दिवस आराम दिला, हे एक. आणि दुखतंय नेमकं कुठून, हे दाखवून दिलं, हे दुसरं. बाबांच्या बाबतीत हे दुसरं काम कुणी करूनच घेतलं नाही, असं तुमच्या मजकुरावरून वाटतं.

ऑपरेशननंतर उरलेलं दुखणं म्हणजे एकच आजार नव्हे. चकतीचा नवा तुकडा बाहेर येऊन तीच नस पुन्हा दाबली जाऊ शकते. जखम भरताना नसेभोवती चिवट व्रण तयार होतो आणि नस त्यात चिकटून बसते. कधी नस मोकळी झालेली असते, पण ती इतके महिने दाबली गेलेली असते की ती स्वतःच दुखत राहते. मणक्यामागचे छोटे सांधे दुखतात. स्क्रू टाकून मणके जोडले असतील तर भार वरच्या किंवा खालच्या मणक्यावर जातो, नाहीतर माकडहाडाच्या बाजूच्या, त्रिकास्थी आणि कमरेच्या हाडामधल्या सांध्यावर. स्क्रू सैल होतो. क्वचित आत जंतुसंसर्ग असतो. यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि इंजेक्शनची जागाही वेगळी. जुनं नाव ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ सगळ्यांना एकाच पोत्यात भरायचं आणि वर पेशंटला सांगायचं की तुमचं ऑपरेशन फेल. 2021 साली तज्ज्ञांनी त्याऐवजी ‘पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम टाइप 2’ असं नाव सुचवलं. नाव बदलून कळ थांबत नाही, हे मलाही कळतं. पण सर्जनची चूक असल्याशिवायही दुखणं राहू शकतं, हे त्यात मान्य केलंय. बाबांच्या बाबतीत चूक झाली की नाही, हे मी इथे बसून सांगू शकत नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण त्यातूनच मला काय म्हणायचंय ते नीट कळेल.

माझं ऑपरेशन कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीचं. सहा महिन्यांनी उजव्या पायात जुनीच कळ परत आली, कंबरही धरायची. पहिलं इंजेक्शन माकडहाडाच्या जरा वरच्या फटीतून दिलं. त्याला कॉडल म्हणतात. ऑपरेशन झालेल्यांना ही वाट बऱ्याचदा निवडतात, कारण जुन्या टाक्यांच्या जागी आतली पोकळी व्रणानं भरलेली असते. तिथून सुई घातली तर मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला भोक पडायची भीती जास्त.

मी पालथा, पोटाखाली उशी, डोक्याशी एक्स-रेचा पडदा. आधी रंगद्रव्य सोडलं. ते पडद्यावर खालून वर चढत गेलं, सुरूच्या झाडासारखं, मधे खोड आणि दोन्ही बाजूंना नसांच्या फांद्या. डावीकडे सगळ्या फांद्या भरल्या. उजवीकडे एक फांदी रिकामीच राहिली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि औषध अगदी हळू ढकललं. नडगीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली. ‘हीच का ती?’ त्यांनी विचारलं. हीच होती.

नंतर त्यांनी एक कागद दिला आणि दर तासाला पाय किती दुखतोय आणि कंबर किती, याचे दहापैकी आकडे वेगवेगळे लिहायला सांगितले. अकराला इंजेक्शन. बाराला पाय सातावरून दोनवर, कंबर सहावरच. संध्याकाळी पाय पुन्हा सहावर. मी हिरमुसलो. पण ते अपेक्षितच होतं. इंजेक्शनमध्ये स्टेरॉइडसोबत असलेलं बधिर करणारं औषध काही तासांत उतरतं आणि स्टेरॉइडचा परिणाम दिसायला दोन दिवसांपासून आठवडाही लागतो. चौथ्या दिवसापासून पाय खरोखर हलका झाला, तो जेमतेम पाच आठवडे. कमरेला मात्र काडीचाही फरक नाही. त्या कागदानं मला जे सांगितलं ते एमआरआयनं सांगितलं नव्हतं. पायाचं दुखणं त्या एका नसेचं होतं आणि कमरेचं दुसऱ्याच कशाचं तरी. पुढे मणक्यामागच्या सांध्यांच्या बारीक नसा बधिर करून पाहिल्यावर कंबर पहिल्यांदा मोकळी झाली. त्या पाच आठवड्यांत फिजिओनं मला पायऱ्या चढायला लावल्या. चालायला लागलो ते या सगळ्यामुळे, त्यात इंजेक्शन हा एक भाग होता.

म्हणून बाबांची तीन इंजेक्शनं मला खटकली. तीनचा कोर्स करायचा ही जुनी सवय आहे, तिला आधार नाही. पहिल्यानं काहीच झालं नसेल, तर तेच औषध त्याच जागी दुसऱ्यांदा का? आणि पहिल्यानं पूर्ण आराम पडला असता, तरी तीन पुरे करायची गरज काय?

त्या शिफारशीबद्दल. हो, ती आहे आणि ती स्पष्ट आहे: जुनाट कंबरदुखीला आणि पायात उतरणाऱ्या जुनाट कळेलाही एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत दिलेलं इंजेक्शन, माझं कॉडल त्यातलंच), सांध्यातली इंजेक्शनं, उष्णतेनं नस निकामी करणं, यांतलं काही सर्रास देऊ नये. वेदनेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांनी तिला हरकत घेतली. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं 2016 साली साध्या कंबरदुखीला इंजेक्शनं नकोत असंच म्हटलं होतं, पण नव्या, तीव्र सायटिकाला (पायात उतरणाऱ्या कळेला) एपिड्युरलचा विचार करा आणि निवडक पेशंटमध्ये नस निकामी करण्याचाही, असं सांगितलं. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि माझं मत असं झालंय: कारण न शोधता दिलेल्या इंजेक्शनविरुद्ध तुमचा दाखला अगदी रास्त आहे. कारण शोधायला दिलेल्या एका इंजेक्शनच्या आड मी तो आणणार नाही.

स्टेरॉइडची तुमची भीतीही मी झटकून टाकत नाही. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं एप्रिल 2014 मध्ये इशारा दिला की एपिड्युरल स्टेरॉइडनंतर क्वचित, पण फार गंभीर गोष्टी घडल्या आहेत: दृष्टी जाणं, पक्षाघात, मृत्यूसुद्धा. या वापराला त्यांची मंजुरीही नाही. काही स्टेरॉइडमध्ये बारीक कण असतात, ते चुकून धमनीत गेले तर रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून एक्स-रेखाली रंगद्रव्य टाकून सुई कुठे आहे ते आधी बघतात, आणि नसेजवळ सुई न्यायची तर पुष्कळजण बिनकणांचं डेक्सामेथासोन वापरतात. मला मधुमेह आहे. इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी माझी साखर 280 वर गेली, आणि हे होऊ शकतं असं तिथे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं. तो राग माझ्याही मनात अजून आहे. बाबांना मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर पुढच्या वेळी हे तुम्हीच आधी बोला. त्या गोळ्या स्वतःहून मात्र बंद करू नका.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. लघवी अडली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांमधली जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, किंवा पाठदुखीबरोबर ताप आला, तर इंजेक्शनचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

तसं काही नसेल तर बाबांची फाइल काढा. तिन्ही वेळचे कागद शोधा. सुई कुठे घातली, कुठलं औषध किती दिलं, एक्स-रेखाली दिलं की अंदाजानं, हे त्यात असायला हवं. नसेल तर लेखी मागा, तो त्यांचा हक्क आहे. ऑपरेशननंतरचा एमआरआय शिरेतून गॅडोलिनियम देऊन केला होता का तेही बघा. ते दिलं की व्रण उजळतो आणि चकतीचा तुकडा बहुधा काळाच राहतो, तेव्हा नस कशानं धरलीय याचा अंदाज येतो. हे दोन्ही घेऊन जमल्यास दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, चौथ्या इंजेक्शनला हो म्हणण्याआधी.

आणि बाबांना एक विचारा. पहिल्या इंजेक्शननंतर त्याच दिवशी, दोन-चार तास तरी, पाय हलका वाटला होता का? कंबर? बरेच जण ते सांगत नाहीत, कारण संध्याकाळी दुखणं परत येतं आणि त्यांना वाटतं, गेलंच वाया. त्यांना काय आठवतंय ते इथेच लिहा, मी वाट बघतोय.