रीगनचा ठोसा आणि देवळाची फंडपेटी

ऐन आंब्याच्या हंगामात आमच्या वेंगुर्ल्याकडच्या गावातल्या देवळाची फंडपेटी फुटली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. भावोजींचं म्हणणं, पोलिसांना जरा मोकळीक द्या, संध्याकाळपर्यंत चोर पैशांसकट हजर होतो की नाही बघा. कुडाळच्या कोर्टात वकिली करणारा माझा चुलतभाऊ विचारतो, हजर कोण होणार? बागेतला नेपाळी गुरखाच ना? तोच पहिला हाताला लागतो आणि त्याला जामीन राहायला गावात कोणी पुढे येत नाही. त्यावर भावोजींनी पुरावा म्हणून थेट लंडनच, म्हणजे मी राहते ते शहरच, पुढे केलं. "तुझ्या थयच्या त्या रीगनाक बघ गो. आधी ठोसो, मगे प्रश्न. चोर बरोबर गावता." ताई आणि ते माझ्याकडे राहायला आले होते तेव्हा ती मालिका मीच त्यांना दाखवली होती. तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे.

मालिका म्हणजे 'द स्वीनी'. १९७५ ते १९७८ या काळात ब्रिटनच्या आयटीव्हीवर तिचे ५३ भाग झाले. स्कॉटलंड यार्डच्या फ्लाइंग स्क्वॉडची, म्हणजे सशस्त्र दरोडेखोरांच्या मागावर असणाऱ्या पथकाची ही गोष्ट. इन्स्पेक्टर जॅक रीगन आणि त्याचा सार्जंट जॉर्ज कार्टर हे त्यातले दोघे. तोवर टीव्हीवरची बरीचशी पोलीसगिरी स्टुडिओत, पुठ्ठ्याच्या भिंतींमध्ये चालायची. या मंडळींनी १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेतला आणि खऱ्या रस्त्यावर उतरले: हॅमरस्मिथ, फुलम, ओस पडत चाललेल्या गोद्या. त्यातल्या काही गल्ल्यांवरून माझी बस रोज जाते. तिथल्या घरांच्या आजच्या किमती बघता रीगनच्या पगारात एखादं गॅरेजही येणार नाही.

रीगन झालेला जॉन थॉ मालिका सुरू झाली तेव्हा ३२ वर्षांचा होता. चेहरा बघून कोणाला खरं वाटत नाही. बायको सोडून गेलेली, मुलीची भेट ठरवावी तर ऐनवेळी काम निघणार, रात्री जेवण म्हणजे जे मिळेल ते आणि वर बाटली. डोक्यावर साहेब हॅस्किन्स, ज्याला प्रत्येक गोष्टीचा कागद हवा. मालिकेची गोडी मला इथे लागली. हा पोलीस नोकरदार आहे. वरून दट्ट्या, खालून कटकट, आणि मधे तो. मुंबईत चाकरी केलेल्या कुठल्याही कोकणी माणसाला ही कुचंबणा समजावून सांगावी लागत नाही. आणि रीगन हरतोही. कधी चोर निसटतो, कधी वरचे लोक परस्पर सौदा करून त्याला कोरडा ठेवतात. शेवटच्या भागात तर लाचखोरीचा संशय त्याच्यावरच येतो, त्याला कोठडीत टाकतात, मग निर्दोष म्हणून सोडतात आणि तो परत कामावर यायला नकार देतो. एवढ्या लोकप्रिय नायकाला असा निरोप देणारी किती मालिका आपल्याकडे झाल्या?

हे हवेतून आलेलं नव्हतं. खऱ्या फ्लाइंग स्क्वॉडचा प्रमुख राहिलेला केनेथ ड्रुरी १९७७ साली लाचखोरीत दोषी ठरून आठ वर्षांसाठी तुरुंगात गेला, आणि तेव्हा मालिका अजून संपलेली नव्हती. घरोघरी लोक रीगनवर प्रेम करत होते आणि सकाळच्या पेपरात त्याच्या खऱ्या साहेबाचं हे वाचत होते.

भावोजींनी यातला ठोसा उचलला आणि बाकीचं ताटात ठेवलं. त्यांना दोष देत नाही, कारण ठोसा आवडावा अशीच त्याची बांधणी आहे. बऱ्याच भागांत दरोड्याचा बेत आपल्याला आधीच दाखवलेला असतो. गुन्हेगार कोण ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून रीगनने त्याला भिंतीवर आपटला की आपल्याला न्याय झाल्यासारखा वाटतो. त्याची नेमका माणूस हेरण्याची नजर म्हणतात ती लेखकाने त्याला उधार दिलेली आहे. देवळात असा कॅमेरा नव्हता. फंडपेटी कोणी फोडली हे भावोजींनाही ठाऊक नाही आणि मलाही. तरी मनात उभा राहिला तो गुरखाच.

आपल्याकडची आवडही बघा. दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' होती, ती करणाऱ्या बी. पी. सिंग यांनीच १९९८ मध्ये 'सीआयडी' आणली. शिवाजी साटम दोन्हीकडे. माझं बालपण त्यावर गेलं, ममत्व आहेच. पण त्यातले फुटलेले दरवाजे परत कुणी कुणाच्या खर्चाने बसवले, हे एवढ्या वर्षांत एकदाही कळलं नाही. रीगनला निदान हॅस्किन्सपुढे तोंड द्यावं लागायचं.

आणि पडद्याबाहेर काय होतं? २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. न्या. विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने नंतर स्पष्ट म्हटलं की त्यांना ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या. तो अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. आमच्या ग्रुपवर फुलांचे व्हिडिओ फिरले होते, अहवाल कुणी फिरवला नाही.

"तुका काय जाता, थय सगळां नियमात", हा पुढचा वार मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण नियमात म्हणजे कसं, तेही सांगते. माझ्या घरी चोरी झाली तेव्हा मला गुन्ह्याचा क्रमांक मिळाला आणि काही दिवसांनी तपास बंद केल्याचा सभ्य ईमेल. घरी कोणी फिरकलंही नाही. आईच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. त्या रात्री मलाही रीगन हवा होता. गावाकडे निदान हवालदार येतो, पडवीत बसतो, चहा घेतो, चार नावं विचारतो. माणूस आल्याचं समाधान मोठं असतं, हे भावोजींचं म्हणणं मी खोडणार नाही.

पण ती चार नावं कोणाची, हा प्रश्न इथे राहून जास्त टोचतो. कारण इथे ते चौथं नाव माझ्यासारख्यांचं असू शकतं. रीगनच्या लंडनमध्ये माझ्या रंगाची माणसं क्वचितच दिसतात, आणि दिसली तर कौतुकाने नव्हे. ब्रिटनने १९८४ मध्ये कायदा करून कोठडीची मुदत बांधली, जबाब ध्वनिमुद्रित करायला लावले. तरीही २०२३ मध्ये लुईस केसी यांच्या अहवालाने लंडनच्या पोलीस दलाला संस्थात्मक पातळीवर वर्णद्वेषी आणि स्त्रीद्वेष्टं ठरवलं. आपल्याकडेही पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात सहसा पुरावा म्हणून चालत नाही, आणि हे १८७२ पासून, अशी आठवण चुलतभावाने ग्रुपवर करून दिली. खुद्द इंग्रजांचाही त्या कबुलीवर भरवसा नव्हता. भावोजींनी अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. ते होकाराचं की कंटाळ्याचं, कळलं नाही.

बाईमाणूस म्हणून आणखी एक. 'द स्वीनी'त बायका बहुतेक कुणाच्या तरी बायको, मैत्रीण नाहीतर साक्षीदार. त्याला उत्तर १९९१ मध्ये 'प्राइम सस्पेक्ट' या ब्रिटिश मालिकेने दिलं. लेखिका लिंडा ला प्लांटने त्यातली पोलीस अधिकारी जेन टेनिसन रचली ती जॅकी माल्टन या खऱ्या अधिकारी बाईंशी बोलून, आणि या माल्टनबाईंनी काम केलं होतं त्याच फ्लाइंग स्क्वॉडमध्ये. टेनिसनला चोरापेक्षा ऑफिसातले सहकारी जास्त छळतात. ती ताईला रीगनपेक्षा कितीतरी जवळची वाटली. भावोजी मधेच झोपले.

कोकणात अशी मालिका घडवायला सामग्री कमी नाही. १९९३ च्या सुरुवातीला श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं, तेच पुढे मुंबईत फुटलं. माल जाऊ दिल्याबद्दल कस्टम्सचे अधिकारी आणि श्रीवर्धनचे पोलीस २००६ मध्ये टाडा कोर्टात दोषी ठरले. मला त्यातला शिपाई बघायचा आहे. नाव, गाव, सगळं काल्पनिक चालेल. भावोजींना ही कल्पना सांगितली तर म्हणाले, "हिरोच नाय तर कोण बघतलो?" मी बघेन. पहिल्या भागात एकही ठोसा नको. रात्रपाळी, दमट हवा, मुलीच्या कॉलेजची फी, घरावर घालायची कौलं, आणि नाक्यावरचा ट्रक जाऊ देणारा हात. हा माणूस वाईट नाही हे मला दहा भाग पटत राहिलं पाहिजे, आणि ट्रकमध्ये काय होतं ते त्याला अकराव्या भागात, रेडिओच्या बातम्यांतून कळलं पाहिजे.