२१ जूनचा योग आणि बुधवार संध्याकाळचा

जून लागला, २१ तारखेचा आंतरराष्ट्रीय योग दिन जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर योगावरून जुंपतेच. मामेभाऊ म्हणतो, गोऱ्यांनी आपला योग चोरला, आता त्यावर बक्कळ पैसा कमावतायत आणि आपण बघत बसलोय. मावशीचं म्हणणं, सगळ्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे करा, पोरांच्या हातातले मोबाईल आपोआप सुटतील. आणि चुलतबहीण, जिने मुस्लिम मुलाशी लग्न केलंय, ती शांतपणे विचारते की माझ्या लेकीला नमस्कार घालायचे नसतील तर काय करायचं. झालं, रात्री साडेअकरापर्यंत धुमश्चक्री, इकडे स्टुटगार्टला तेव्हा आठच वाजलेले असतात त्यामुळे मला जेवता जेवता सगळं लाइव्ह वाचायला मिळतं.

मी ज्या देशात राहते तिथे योग कुठल्या खात्यात जातो माहितीये? आरोग्य विम्याच्या. जर्मनीत आजार होऊच नये म्हणून केलेल्या कोर्सचे पैसे विमा कंपनीने म्हणजे इथल्या भाषेत क्रांकनकासेने द्यायचे अशी कायद्यातच तरतूद आहे, त्यात हठयोगाचा कोर्स बसतो, आणि गंमत म्हणजे तो व्यायामाच्या नाही तर ताण कमी करण्याच्या गटात बसतो. आठ ते बारा आठवड्यांचा कोर्स, आठवड्याला एकदा, आधी फी आपण भरायची, ऐंशी टक्के हजेरी लागली की सर्टिफिकेट विमा कंपनीकडे पाठवायचं आणि बरेचसे पैसे परत. म्हणजे ना ध्वज, ना भाषण, ना 'पाच हजार वर्षांची परंपरा'. हजेरीचा कागद फक्त. पहिल्यांदा मला हे फारच रूक्ष वाटलेलं, आता मात्र वाटतं की ह्या रूक्षपणातच मला हवी होती ती मोकळीक आहे.

कारण मी जाते त्या बुधवारच्या क्लासात मी भारतीय म्हणून उभी नसते. दिवसभर स्क्रीनसमोर बसून खांदे कानाला टेकलेली एक बाई म्हणून असते. इथे डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य बुडतो, ऑफिसातून बाहेर पडावं तर मिट्ट काळोख, आणि त्यात गेल्या हिवाळ्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात आणि मी इथे. फोन ठेवला की झोप यायची नाही. त्या दिवसांत मला आधार कसला झाला तर पाय भिंतीला लावून पडायचं, श्वास सोडताना घेण्यापेक्षा थोडा लांबवायचा, बस. दुःख जात नाही त्याने, पण जबडा किती आवळून धरलाय ते कळतं, आणि कळलं की सुटतो. एकदा शवासनात रडायलाच आलं, बाजूच्या आजींनी मान वळवली नाही, कोणी विचारलं नाही. आपल्याकडे चार जणींनी पाणी आणलं असतं. मला त्या दिवशी न विचारणंच बरं वाटलं पण हे सगळ्यांना तसंच वाटेल असं अजिबात नाही.

म्हणजे आईचंच बघा. ती सकाळी बागेतल्या ग्रुपला जाते, तिथे थोडी आसनं, मग टाळ्या वाजवत मोठमोठ्याने हसणं, मग अर्धा तास कट्ट्यावर गप्पा आणि कोणाच्या सुनेने काय केलं ते. मी तिला इथून ऐटीत सांगितलं की अगं घरीच शांतपणे कर, तर म्हणाली घरी शांतताच आहे, ती काय करू घेऊन. बरोबर आहे तिचं. तिला योगापेक्षा योगाची माणसं लागतात, आणि ती मला इथे कितीही पैसे भरून मिळणार नाहीत.

आता चोरीचं. २०१५ साली कॅनडात ओटावा विद्यापीठात एक फुकटचा योगवर्ग काही काळ बंद ठेवला होता, का तर दुसऱ्यांच्या संस्कृतीवर डल्ला मारल्यासारखं होईल म्हणून. मामेभावाला हे कळलं तर पेढे वाटेल. पण आमची इथली टीचर, साठीची बाई, तिने माझं गाव पुणे कळल्यावर सगळ्यात आधी विचारलं की योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या संस्थेत गेली होतीस का. मॉडेल कॉलनीतली ती इमारत आमच्यासाठी रिक्षावाल्याला पत्ता सांगायची खूण, आत बहुतेक परदेशी लोकच जातात असा आमचा सगळ्यांचा समज. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले, १९७५ मध्ये ती संस्था उभी राहिली, आणि पट्टे, ठोकळे, लोड, भिंतीला दोऱ्या असं सगळं वापरून ताठरलेल्या, आजारी माणसालाही आसन कसं करता येईल हे त्यांनी बसवलं. तेच ठोकळे आज इथल्या क्लासच्या कपाटात आहेत. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढून योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते एक्स-रे लावून तपासायला सुरुवात केली. एवढं घरात असताना चोरीची ओरड करायची म्हणजे, जाऊ दे.

उलट इथल्यांचंही सगळं चांगलं म्हणणार नाही मी. बर्लिनमध्ये बिअरची बाटली डोक्यावर ठेवून आसनं करतात, तो प्रकार बघून मीसुद्धा मामेभावाच्या बाजूने झाले होते.

आणि धर्माची भीती फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत अलाबामा राज्याने १९९३ मध्ये शाळांतून योग बंदच केला होता, बंदी उठली २०२१ मध्ये, तीही अशा अटीवर की 'नमस्ते' म्हणायचं नाही आणि आसनांची नावं इंग्रजीतच घ्यायची. तिथल्या चर्चला जाणाऱ्या आईबापांची धास्ती आणि माझ्या चुलतबहिणीची काळजी, दोन्हींचं मूळ मला सारखंच दिसतं, आपल्या पोराकडून कोणीतरी परस्पर काहीतरी म्हणवून घेतंय. म्हणून सक्ती म्हटली की माझी मान हलते ती नकारार्थीच. सूर्यनमस्कारांचा व्यायाम म्हणून जोरात प्रचार केला तो साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, तेही गेल्या शतकात. राजा स्वतः रोज घालायचा हे जास्त महत्त्वाचं.

फायद्याचंही जरा बेताने घ्यावं. ग्रुपवर येतं की ह्या आसनाने शुगर कायमची जाते, गोळ्या बंद करा. असलं काही मनावर घेऊ नका प्लीज. जुनाट कंबरदुखीवरच्या संशोधनांचा २०१७ मध्ये कॉक्रेन ह्या वैद्यकीय संशोधनं तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यात काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगाने थोडा ते मध्यम फरक पडतो एवढंच निघालं, आणि दुसऱ्या व्यायामांपेक्षा तो सरस आहे असं काही ठामपणे सांगता आलं नाही. मला तेवढं पुरतं.

मावशीला मी परवा एवढंच लिहिलं की सक्ती करायचीच तर शिकवणाऱ्यांच्या ट्रेनिंगची करा. इथे विमा कंपनी पैसे द्यायच्या आधी टीचरचं शिक्षण तपासलेलं असतं, आणि आमच्या क्लासात तर पहिल्याच दिवशी फॉर्म भरून घेतला, काचबिंदू आहे का, बीपी आहे का, प्रेग्नंट आहात का. आणि आईच्या बागेत माईकवरचे काका सगळ्यांना एकदम वज्रासनात बसा म्हणाले, नव्या गुडघ्यासकट. शेवटी शेजारच्या काकूंनीच चहावाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, काकांना ती अजूनही दिसलेली नाही.