‘अठ्ठावीसवर गाडी लोण्यासारखी चालते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की तुमचा एक मुद्दा वर्मी लागलाय आणि राग त्याचाच आहे. म्हणून आधी तोच घेतो.

लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या बाजूंच्या टायरांत हवा किती ठेवावी यावरच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘स्टिकरवर असेल त्यापेक्षा दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्तच ठेवा.’ तुम्ही विचारलंत, कुठल्या टायरला? आणि थंड असताना की गरम? बरोबर विचारलंत. मी सरसकट ठोकून दिलं होतं. कंपनीतूनच २२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिलीमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) बसवून आलेल्या गाडीत दाराच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवरचा आकडा त्याच मापासाठी काढलेला असतो. त्यावर आपल्या पदरची भर घालायचं कारण नाही. गाडीत पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल, तर त्यासाठीचा चढा आकडाही बहुतेक स्टिकरांवर शेजारीच असतो, तेव्हा तो घ्यायचा. लेखातलं ते वाक्य मी बदललंय.

पुढचं मात्र मला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : स्टिकर ३३ सांगतो, तुम्ही दोन वर्षं २८ वर चालवताय, गाडी लोण्यासारखी चालते, टायर बसलेला दिसत नाही, डॅशबोर्डवरचा कमी हवेचा दिवा लागत नाही, तेव्हा मी उगाच लोकांना घाबरवतोय.

टायर बसलेला दिसत नाही, कारण तो दिसणारच नाही. १९५/६५ आर १५ ची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, साधारण १२७ मिलीमीटर उंच असते. तुमच्या २२५/४५ आर १७ ची १०१. २२५/४० आर १८ घेतलात तर ९०. उंच टायरातली हवा उतरली की त्याचं पोट सुटतं, लांबून कळतं. लो-प्रोफाइलची साइडवॉल बुटकी आणि त्यात मुद्दाम ताठ केलेली. पाच पीएसआय गेले तरी ती चेहऱ्यावर काही दाखवत नाही. बुटाने ठोकून बघणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, कारण पूर्वी मीही त्यातलाच होतो.

दिव्याचं म्हणाल, तर तो तब्येत तपासणारा डॉक्टर नव्हे, आग लागल्यावर वाजणारी घंटा आहे. अमेरिकेच्या नियमात हा दिवा स्टिकरपेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागला तरी चालतो. तुमच्या ३३ चे पंचवीस टक्के गेले की उरतात पावणेपंचवीस. म्हणजे अशा दिव्याच्या लेखी तुमचे २८ अगदी ठणठणीत. शिवाय काही गाड्यांत टायरात सेन्सर नसतोच, चाकांच्या फिरण्याच्या फरकावरून अंदाज बांधला जातो. तुम्ही २८ भरून रीसेटचं बटण दाबलं असेल, तर ती यंत्रणा २८ लाच बरोबर धरून बसली आहे.

राहिलं लोण्यासारखं चालणं. ते खोटं नाही, मीही ते अनुभवलंय, आणि तेही चुकून. लांबचा प्रवास करून पंपावर थांबलो, हवा मोजायच्या गेजने ३८ दाखवले. स्टिकर ३३ चा. मी शहाणपणा करून पाच पीएसआय सोडून दिले आणि समाधानाने घरी आलो. टायर तापला की आतलं प्रेशर चार-सहा पीएसआय चढतं, आणि स्टिकरचा आकडा गार टायरचा असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही, त्या क्षणी सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरात जेमतेम २८ उरले असणार. मोजले कुणी? गाडी मऊ झाली होती आणि मी खूश होतो.

दोन आठवड्यांनी एका खड्ड्यात डावं पुढचं चाक गेलं. आवाज ‘धप्प’ असा नव्हता, ‘टण्ण’ असा धातूचा होता. उतरून पाहिलं तर टायर उभाच, हवा गेलेली नाही. तसाच पुढे गेलो. चार दिवसांनी गाडी धुताना बाहेरच्या साइडवॉलवर हात फिरवला, तेव्हा अर्ध्या लिंबाएवढा फुगा हाताला लागला. चाक काढल्यावर दिसलं की आतल्या बाजूला रिमची कडा बोटभर लांबीत चपटी झाली होती.

असं का होतं? गाडीचं वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. खड्ड्याच्या धारेवर टायर दबतो, तेव्हा रिम जमिनीला भिडू नये म्हणून हातात असते ती फक्त साइडवॉलची उंची आणि हवेचा प्रतिकार. लो-प्रोफाइलमध्ये उंची आधीच १२७ ऐवजी १०१ असते, त्यात तुम्ही प्रतिकारही कमी करताय. मग साइडवॉल दुमडून रिमची कडा आणि खड्ड्याची धार यांच्या चिमट्यात सापडते, आतले धागे तुटतात, आणि रबर धागे नसलेल्या जागी फुगतं. हा फुगा दुरुस्त होत नाही. टायर टाकूनच द्यावा लागतो. ३३ वर तो खड्डा मला सोडून गेला असता, याची खात्री मी देत नाही. पण २८ वर मी त्याला आयतं आमंत्रण दिलं होतं.

ओल्या रस्त्याचंही बघा. विमानांच्या टायरांवर नासाने १९६० च्या दशकात केलेल्या कामातून एक ढोबळ सूत्र आलं : प्रेशरच्या वर्गमुळाला साधारण १०.३५ ने गुणलं की ताशी किती मैलांवर टायर पाण्यावर तरंगायला लागेल ते कळतं. ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो, २८ ला ८८. गाडीच्या टायरात ट्रेडची (टायरवरच्या खाचांची) खोली, रुंदी, पाण्याचा थर असं बरंच काही मध्ये येतं, तेव्हा हे आकडे छातीठोक धरू नका. दिशा मात्र खरी आहे. आणि रुंद टायर मुळातच लवकर तरंगतो.

तुमच्याच प्रतिक्रियेखाली एकांनी लिहिलंय, ‘टायरवर ५१ छापलंय, मी ४५ ठेवतो.’ त्यांनाही इथेच सांगतो. साइडवॉलवरचा तो आकडा टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची शिफारस नाही. त्या टायरला हे ठाऊकच नसतं की तो कुठल्या गाडीखाली जाणार आहे. ४५ वर रस्त्याचा प्रत्येक सांधा मणक्यात मोजाल, आणि खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारायला लागलं की पकडही जाते.

स्टिकरच्या वर जायची एक रास्त वेळ आहे, आणि मूळ लेखात मला तीच सांगायची होती : तुम्ही माप बदललं असेल तेव्हा. समजा, गाडी २०५/५५ आर १६, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) ९१ वर आली आणि तुम्ही २२५/४० आर १८, ९२ एक्सएल (जादा वजनासाठी मजबूत केलेले) चढवले. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९२ म्हणजे ६३०, तेव्हा वाटतं की नवा टायर जास्तच पेलतो. मेख अशी आहे की साध्या टायरचे ६१५ किलो २.५ बारला (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) मोजलेले असतात आणि एक्सएलचे ६३० किलो २.९ बारला. जुना टायर ३२ पीएसआयला जेवढं वजन उचलत होता, तेवढंच उचलायला नव्याला हिशेबाने ३६ च्या आसपास लागतात. इथे स्टिकरचे ३२ भरणारा माणूस नियम पाळूनही कमी हवेवर फिरत असतो. तुमचं माप मूळचंच आहे, त्यामुळे हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

तुम्ही फक्त एवढं करा. गाडी किमान तीन तास उभी असताना, शक्यतो सकाळी, स्वतःच्या गेजने ३३ भरा आणि महिनाभर चालवा. सुरुवातीला कडक वाटेल. थंडी सुरू झाली की पुन्हा मोजा, कारण तापमान १० अंशांनी उतरलं की दीड पीएसआय नुसत्या गारव्याने जातो. महिन्यानंतरही गाडी अंगावर येत असेल तर दोष हवेचा नाही. मग शॉकअॅब्सॉर्बर बघा, किंवा १६ इंची रिम आणि उंच साइडवॉलचा विचार करा. मी दुसरा मार्ग घेतला. गाडी दिसायला थोडी साधी झाली, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

ता.क.मध्ये तुम्ही स्टेपनीचं विचारलंय. तुमची बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावर बहुधा ४.२ बार, म्हणजे ६० पीएसआय लिहिलेलं सापडेल. तो छपाईचा घोळ नाही, तिला तेवढेच लागतात. वर्षभर डिकीत पडून त्यातले किती उरलेत, ते सकाळी गेज हातात असतानाच बघून घ्या.