आक्षेप कागदावर घ्या, पडद्यावर नको

लढाऊ विमानांवरचा हिंदी चित्रपट आला की आपल्याकडे दोन वाद ठरलेले. एक, टॉम क्रूझच्या अमेरिकी ‘टॉप गन: मॅव्हरिक’मध्ये सगळं खरं होतं आणि आपल्याकडे सगळं कॉम्प्युटरचं. दुसरा, वायुदलाने परवानगी दिलीच कशी, आणि गणवेशातल्या नायक-नायिकेने पडद्यावर काय करावं. जानेवारी २०२४ मध्ये ‘फायटर’ आला तेव्हा दोन्ही एकदम पेटले. गणवेशातल्या चुंबनावरून वायुदलाच्याच एका अधिकाऱ्याने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली. आम्हा सॅन डिएगोकरांच्या डोक्यावरून मिरामारच्या लष्करी तळावरची विमानं रोज जातात, १९८६चा पहिला ‘टॉप गन’ इथेच घडला, आणि मे २०२२ मध्ये दुसऱ्याचा, म्हणजे ‘मॅव्हरिक’चा, पहिला खेळ इथल्याच बंदरातल्या जुन्या ‘मिडवे’ विमानवाहू जहाजावर झाला. इथून हे वाद वाचताना सारखं वाटतं, की ज्या चित्रपटाचं उदाहरण आपण तोंडावर फेकतो तो कसा उभा राहिला हे आपण नीट पाहिलेलंच नाही.

आधी ‘सगळं खरं’चं बघू. मॅव्हरिकमध्ये व्हीएफएक्सचे, म्हणजे कॉम्प्युटरने घडवलेले, सुमारे २,४०० शॉट आहेत आणि त्या विभागात त्याला ऑस्करचं नामांकनही होतं. शत्रूची सुखोई-५७ खरी नव्हती. पहिल्या चित्रपटातलं एफ-१४ हे लढाऊ विमान अमेरिकेने २००६ मध्येच निवृत्त केलं, त्यामुळे सॅन डिएगोच्या संग्रहालयातलं न उडणारं विमान आणून जमिनीवरचे प्रसंग घेतले, आणि हवेत नौदलाच्या खऱ्या हॉर्नेटवर (एफ/ए-१८) एफ-१४चं कातडं कॉम्प्युटरने चढवलं. खरी युक्ती यातच आहे. हवेत काहीतरी खरं विमान उडत असतं, खरा सूर्य त्याच्या पंखावर असतो, आणि कॉम्प्युटर त्यावर फक्त रंगकाम करतो. रिकाम्या आकाशात विमान काढायला बसलं की ते तरंगतं, त्याला वजन येत नाही. आपल्या चित्रपटांत खटकतं ते हे.

आणि नटांचे चेहरे खरे होते. एफ/ए-१८एफ हे दोन सीटचं विमान. पुढे नौदलाचा वैमानिक, मागे नट. विमान नटाच्या हाती कधीच नव्हतं. सैन्याबाहेरच्या माणसाने लष्करी विमान चालवायचं नाही हा तिथला नियम टॉम क्रूझलाही लागू होता. कॉकपिटमध्ये सोनी व्हेनिसचे सहा कॅमेरे बसवले, चार नटाकडे तोंड करून आणि दोन पुढे बघणारे. हे कॅमेरे आहेत तसे मावत नाहीत. म्हणून रियाल्टो नावाच्या जोडणीने सेन्सर आणि लेन्सचा भाग सुटा केला, आणि कॅमेऱ्याचं धड केबलने दूर ठेवलं. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट सुटते तेव्हा तिच्या वाटेत कॅमेरा धरणारा एक कंसही (ब्रॅकेट) आडवा आलेला चालत नाही, त्यामुळे प्रत्येक कंस, प्रत्येक स्क्रू नौदलाच्या अभियंत्यांकडून पास करून घ्यावा लागला. या एका कामाला १५ महिने गेले. नौदलाचं नवं एफ-३५सी विमान का वापरलं नाही असं विचारणाऱ्यांना उत्तर सोपं आहे: त्यात एकच सीट असते.

नटांची तयारी पायरीपायरीने झाली. आधी सेसना १७२ हे छोटं विमान, मग एक्स्ट्रा ३०० हे कसरतीचं विमान, मग एल-३९ जेट, आणि शेवटी हॉर्नेट. शिवाय पाण्यात बुडालेल्या कॉकपिटमधून सुटण्याचं प्रशिक्षण. हा क्रम हौसेचा नाही. विमान ६० अंश कलवून उंची न गमावता वळलं की शरीरावर २ जी येतात, म्हणजे वजन दुप्पट वाटतं, एवढं सेसनातही कळतं. ७ जी हवे असतील तर कल ८२ अंशांच्या आसपास न्यावा लागतो, आणि तेवढा भार सोसणारं विमान लागतं. डोकं आणि हेल्मेट मिळून ६-७ किलो धरलं, तर साडेसात जीला मानेवर ४५ ते ५२ किलो येतात. रक्त पायांकडे उतरतं. आधी रंग फिके होतात, मग नजर नळीतून बघितल्यासारखी आक्रसते, तरीही वळण सुटलं नाही तर शुद्ध जाते. त्यावर उपाय म्हणजे मांड्या आणि पोट दगडासारखं आवळून धरायचं आणि साधारण दर ३ सेकंदांनी झटक्यात श्वास बदलायचा. या अवस्थेत लांब संवाद म्हणताच येत नाही. म्हणून तिथले संवाद तुटक आहेत, आणि ते तुटक असणंच पटतं. गाल खाली ओढले जाणं, डोळ्यांखालची कातडी सुटणं हे स्टुडिओत हलणाऱ्या खुर्चीवर बसून कुठल्याही नटाला जमणार नाही, तो कितीही चांगला असो.

वर दिग्दर्शक नसतो. रोज सकाळी दोन तास बैठक, लाकडी कॉकपिटमध्ये तालीम, सूर्य कुठल्या बाजूला हवा ते ठरलेलं. मग वर गेल्यावर कॅमेरा नटानेच सुरू करायचा, स्वतःचा चेहरा उजेडात आहे का ते त्यानेच बघायचं. खाली आल्यावर चित्रण बघायचं, फसलं असेल तर पुन्हा वर. दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की यांनी सांगितलं आहे की काही दिवशी बारा-चौदा तासांच्या कामातून वापरण्याजोगे ३० सेकंद हाती लागत. एकूण चित्रीकरण ८०० तासांच्या वर गेलं.

आता पैशाचं. नौदलाने हॉर्नेटच्या एका तासाला ११,३७४ डॉलर लावले, त्या वेळच्या दराने सुमारे ८ लाख रुपये. १०० तास उडवलं तरी ११ लाख डॉलरच्या थोडं वर, म्हणजे १७ कोटी डॉलरच्या बजेटचा एक टक्काही नाही. आपल्याकडे त्याच दराने १०० तासांचे ८ कोटी होतात. बड्या नायकाचं मानधन त्याहून कितीतरी जास्त असतं. ‘आपल्याकडे तेवढा पैसा नाही’ हे मला म्हणूनच पटत नाही.

अडतं ते परवानगीपाशी, आणि इथे आपल्याकडचे दोन्ही पक्ष चुकतात असं माझं स्पष्ट मत आहे. एक पक्ष म्हणतो, अमेरिकेत कलाकाराला मोकळीक असते. नसते. संरक्षण खात्याशी करार होतो, पटकथा आधी वाचली जाते, हरकती घेतल्या जातात. १९८६च्या चित्रपटात नायिका मुळात नौदलातली होती. सेवेतल्या दोघांचं प्रेमप्रकरण नौदलाला चालेना, म्हणून ती बाहेरून आलेली तज्ज्ञ झाली. नायकाचा जोडीदार गूस याचा मृत्यू आधी विमानांच्या टकरीत होता, तो इजेक्शनच्या अपघातात बदलला. म्हणजे ‘फायटर’वरची हरकत आणि ही हरकत एकाच जातीची! फरक इतकाच की तिथे ती चित्रीकरणाआधी टेबलावर मिटली, आपल्याकडे चित्रपट लागल्यावर नोटीस आली. २०२० मध्येही हेच झालं. जुलैमध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून सैन्यावरच्या चित्रपटांना ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये वायुदलातल्या वैमानिकेवरच्या ‘गुंजन सक्सेना’तल्या चित्रणावर वायुदलाने त्याच बोर्डाकडे तक्रार केली. चित्रपट तेव्हा तयार होऊन बसला होता. तयार चित्रपटात दुरुस्ती म्हणजे कात्री, दुसरं काही उरत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, करार म्हणजे प्रचार, सैन्याची मदतच नको. या आक्षेपात तथ्य आहे, आणि अमेरिकेतही तो जोरात घेतला जातो. विमानांच्या बदल्यात सैन्य आपली प्रतिमा जपून घेतं हे उघड आहे. पण करार लेखी असला की काय दिलं आणि काय घेतलं ते निदान विचारता येतं. मॅव्हरिकमध्ये शत्रूदेशाचं नावच नाही. सुखोई-५७ आणि एफ-१४ एकाच देशाकडे दाखवून कुणालाच बोट दाखवता येणार नाही असं करून ठेवलं. हे काहींना पळपुटेपणाचं वाटतं, मलाही थोडं वाटतं. पण शत्रूदेशाचं नाव घेणारा ‘फायटर’ बहुतेक आखाती देशांत लागूच शकला नाही, आणि तिथे आपली किती माणसं राहतात हे घरोघरी ठाऊक आहे.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. १९८२चा ‘विजेता’ आठवा. पटकथा दिलीप चित्रे यांची, म्हणजे आपल्या मराठी कवीची. दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. खडकवासल्याच्या एनडीएतून मिग-२१च्या कॉकपिटपर्यंत जाणारा, घाबरणारा, चुकणारा मुलगा त्यात आहे. वायुदलाने त्या चित्रपटाला मदत केली, आणि भीती दाखवल्याने दलाची मान खाली गेली नाही.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि इथे बसून ती हलकी लेखणं बरोबर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर वायुदलाकडे लढाऊ स्क्वाड्रन २९ उरल्या, मंजूर आहेत ४२. अशा वेळी चित्रपटासाठी सुखोईचे तास मागायला जीभ रेटणार नाही. पण अमेरिकी नियमात एक सोय आहे जी आपल्याला जास्त उपयोगी पडेल. जे उड्डाण प्रशिक्षणासाठी होणारच होतं, त्यात कॅमेरा बसवला तर उड्डाणाचे पैसे लागत नाहीत. खर्च वसूल होतो तो फक्त जादा उड्डाणांचा. ओझरच्या एचएएलमध्ये तयार होणारं सुखोई-३० एमकेआय दोन सीटचं आहे, बिदरचं हॉक हे प्रशिक्षण विमान दोन सीटचं, दुंडिगलचं पीसी-७ही. बेंगळुरूच्या वायुवैद्यक संस्थेत सेंट्रिफ्यूज, म्हणजे माणसाला गरगर फिरवून जीचा भार देणारं यंत्र, आहे, नटाला ७ जी सोसतात की नाही ते जमिनीवरच कळेल. सुरुवात पीसी-७पासून करावी. एकच सुटा सेन्सर, एकच कंस, आणि तो कंस इजेक्शनच्या वाटेत येत नाही असं अभियंत्यांचं लेखी प्रमाणपत्र. पटकथा त्याच्याही सहा महिने आधी वायुदलाच्या टेबलावर गेलेली असावी, हरकतींसकट परत आलेली.